अद्भुताचा वारसा : 'तुंबाड', 'आजी' आणि 'तुंबाडचे खोत'

१

राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रथम प्रदर्शित झाला. त्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ ह्या चित्रपटाने झाला होता. असे असूनही चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. पुढे १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि ह्या दुसऱ्या प्रदर्शनाचे उत्पन्न पहिल्यापेक्षा अधिक झाले. मधल्या सहा वर्षांत ह्या चित्रपटाला एक नवा, तरुण प्रेक्षकवर्ग लाभला होता. कल्याणच्या महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करताना हा वर्ग मला जवळून पाहावयास मिळाला. एरवी साहित्यप्रकारांच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारी मुले त्या आठवड्यात 'अद्भुत' ह्या शब्दाशी थांबली आणि त्यांनी प्रश्न केला, "सर, ह्याचं मूळ पुस्तक कोणतं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) ह्या द्विखंडात्मक कादंबरीकडे बोट दाखवते, तर त्यातील पहिल्या प्रकरणाचे कथाबीज नारायण धारप यांच्या 'आजी' ह्या कथेतून आलेले आहे. मी दोन्ही नावे फळ्यावर लिहिली. एका विद्यार्थिनीने पेंडशांचे दोन्ही खंड महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून नेले आणि पंधरवड्याने परत आणून दिले. तिची तक्रार होती, "सर, ह्यात हस्तर नाहीच." दुसऱ्या एका विद्यार्थ्याने डोंबिवलीतील एका खाजगी वाचनालयातून 'आजी' ही कथा असलेला धारपांचा संग्रह मिळवला. तोही नाराज होता, त्याचे म्हणणे, "ह्यात तुंबाड नाही."

ही दोन वाक्ये मला विचारात पाडणारी वाटली. एका पुस्तकात तुंबाड आहे पण अद्भुत नाही. दुसऱ्यात अद्भुत आहे पण तुंबाड नाही. चित्रपटाने ह्या दोहोंना एकत्र आणले, हे त्याचे मोठेच साहस म्हणावे लागेल. मात्र चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावर आणि धारपांची पुस्तके पुन्हा वाचल्यावर माझ्या पदरी जी निराशा आली, ती विद्यार्थ्यांच्या निराशेहून वेगळी होती. दोन्ही गोष्टी हाताशी असूनही चित्रपटाने त्यांचा सांधा जुळवला नाही, आणि तो का जुळला नाही ह्याचे एक कारण धारपांच्या लेखनातच आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात ह्या मताची मांडणी करावयाची आहे.

२

अद्भुताविषयी मराठी समीक्षा फारशी बोललेली नाही. आपल्या कादंबरीचा आरंभ मात्र अद्भुताच्या सावलीतच झाला. 'यमुनापर्यटन' (१८५७) हा अपवाद सोडला, तर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) ह्या आरंभीच्या गाजलेल्या कादंबऱ्या अद्भुतरम्यच आहेत. रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत ह्याची जी मीमांसा केली आहे ती आजही विचारार्ह आहे. आपल्या लोकांचे विवाहविषयक आचार आणि एकूण जीवनक्रम असा आहे की त्यात मनोरंजक असे काही घडतच नाही. नित्याच्या अनुभवाचे वर्णन केले तर त्यात चित्त रमणार नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे अद्भुत हे वास्तवाच्या दारिद्र्यावरचा उतारा म्हणून आपल्याकडे आले. हरिभाऊ आपट्यांनी त्याच नित्याच्या जीवनात, त्याच विवाहविषयक आचारांत, केवढे नाट्य भरलेले आहे हे दाखवून दिले आणि रिसबुडांची अडचण खोटी ठरवली. तेव्हापासून अद्भुत हे आपल्या प्रतिष्ठित वाङ्मयाच्या अंगणाबाहेर उभे आहे. बालवाङ्मय, रहस्यकथा, गूढकथा आणि खाजगी वाचनालयांची फडताळे एवढ्यातच त्याचा वावर राहिला.

त्झ्वेतान तोदोरोव ह्या समीक्षकाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अद्भुताचे जे विवेचन केले, त्यातील दोन मुद्दे येथे उपयोगी पडतात. पहिला असा की, घडलेली घटना नैसर्गिक नियमांत बसणारी आहे की त्यांच्या पलीकडची, ह्याविषयी वाचकाचे मन जोवर दोलायमान असते तोवरच अद्भुताचे अस्तित्व असते. दुसरा मुद्दा असा की, रूपक हे अद्भुताचे शत्रू आहे. अमुक राक्षस म्हणजे अमुक दुर्गुण, असे वाचकाला एकदा कळले की राक्षस उरत नाही, दुर्गुण तेवढा उरतो. मग भय वाटण्याचेही कारण राहत नाही.

आपल्या रसविचाराची जोड दिली तर हे अधिक स्पष्ट होते. भरताने अद्भुत हा स्वतंत्र रस मानून विस्मय हा त्याचा स्थायी भाव सांगितला. अद्भुताची उत्पत्ती त्याने वीरापासून मानली आहे आणि भयानकाची बीभत्सापासून. ही जनकजन्य जोडी आज शब्दशः स्वीकारण्याचे कारण नाही, तथापि तिच्यामागील निरीक्षण मार्मिक आहे. किळस वाटली की तिच्यापाठोपाठ भय येऊ शकते, पण विस्मय येतोच असे नाही. विस्मयासाठी मनाला आपल्याहून मोठे असे काही सामोरे यावे लागते. भयकथा आणि अद्भुतकथा ह्यांतील अंतर येथे आहे. धारपांची कथा आणि 'तुंबाड' ह्या दोहोंच्या मूल्यमापनात हेच अंतर निर्णायक ठरते.

३

नारायण धारप (१९२५-२००८) यांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना रात्री जागवले. डोंबिवली-ठाण्याच्या चाळींतून आणि सोसायट्यांतून वाढलेल्या माझ्या पिढीने त्यांची पुस्तके पुन्हा पुन्हा बांधून घेतलेल्या, पाने सुटलेल्या प्रतींतून वाचली. शाळेच्या अभ्यासात ती नव्हती, घरातल्या मोठ्यांना ती आवडत नव्हती, आणि म्हणूनच ती आपली वाटत होती. ह्या ऋणाची जाणीव ठेवूनच पुढील विधान करावे लागते. प्रौढ वयात ती पुस्तके पुन्हा वाचताना अपेक्षाभंग होतो.

त्याचे कारण त्यांची उसनवारी हे नव्हे. 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'वर (१९७५) आणि 'शपथ' ही त्यांच्याच 'इट'वर (१९८६) आधारलेली आहे, हे आता वाचकांना ठाऊक आहे. 'आजी' ही कथादेखील किंग यांच्या 'ग्रॅमा' (१९८४) ह्या कथेवरून सुचलेली आहे. परंतु आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, त्या परंपरेत उसनवारीला आपण कधी कमी लेखले नाही. प्रश्न असतो तो घेतलेले बीज आपल्या जमिनीत रुजले की कुंडीतच राहिले, हा.

'ग्रॅमा'मध्ये जॉर्ज हा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ घरात एकटा राहतो. भावाचा पाय मोडल्यामुळे आई रुग्णालयात गेलेली आहे. आजीचा भूतकाळ काळ्या विद्येचा आहे. आजी मरते आणि तरीही उठते. कथा संपते तेव्हा आजी मुलाच्या शरीरात आलेली असते. ह्या कथेतील खरे भय प्रेताचे नसून वारशाचे आहे. घरातील वृद्ध स्त्री आपले सर्वस्व नातवाला देऊ पाहते आणि ते नाकारण्याची सोय नातवाला नसते. कुटुंबातून जे मिळते ते आपण निवडत नाही. तेच आपल्याला निवडते. हे भय मराठी एकत्र कुटुंबात, वाड्यात, भाऊबंदकीत किती खोलवर गेले असते ह्याची कल्पना कोणीही करू शकेल. हे बीज जणू आपल्याकडे रुजण्यासाठीच आलेले होते.

धारपांकडे पकड आहे, वातावरण उभारण्याची हातोटी आहे, ओळखीच्या घराचा एखादा कोपरा एकाएकी अनोळखी करण्याचे कौशल्यही आहे. परंतु त्यांचा वाडा कोणाचा, तो कोणत्या उत्पन्नावर उभा राहिला, त्यात कोण राबले, हे प्रश्न त्यांना पडत नाहीत. त्यांचे अमंगल बाहेरून, दुसऱ्या मितीतून येते. घराच्या इतिहासातून उगवत नाही. म्हणून त्याचे निवारणही बाहेरूनच होते. 'समर्थ' ही त्यांची लोकप्रिय व्यक्तिरेखा ह्या दृष्टीने बोलकी आहे. भय हळूहळू वाढत जाते, वाचक दोलायमान होतो आणि नेमक्या त्याच क्षणी सामर्थ्यवान सज्जन येऊन सर्व काही समजावून सांगतो. स्पष्टीकरण आले की विस्मय मावळतो. मध्यमवर्गीय घर पुन्हा होते तसे होते, त्याला स्वतःविषयी काहीही नवे कळलेले नसते. धारपांचे अद्भुत वाचकाला घाबरवते, पण त्याच्या घराविषयी शंका घ्यावयास लावीत नाही. माझ्या अपेक्षाभंगाचे मूळ येथे आहे.

४

बर्वे यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची कथा सांगितली. म्हणजे चित्रपटाचा उगम वाचनात नसून श्रवणात आहे. रात्री, जंगलात, तोंडी सांगितलेल्या कथेचे जे रूप मनात उरते तेच त्यांनी पडद्यावर आणले असावे. म्हणूनच १९१८ सालात घडणारे पहिले प्रकरण इतके प्रभावी झाले आहे. अखंड पाऊस, चिखलात रुतलेले घर, साखळीने जखडलेली म्हातारी, झाडावरून पडलेल्या भावाला घेऊन निघून गेलेली आई आणि म्हातारीला खाऊ घालण्यासाठी एकटा उरलेला मुलगा विनायक. 'ग्रॅमा'चा सांगाडा येथे स्पष्ट दिसतो, पण तो कोकणाच्या पावसात असा भिजला आहे की परका वाटत नाही. आई एका सुवर्णमुद्रेच्या आशेने वृद्ध 'सरकार'ची सेवा करते आहे, मुलगा भुकेल्या म्हातारीकडून खजिन्याचा पत्ता काढू पाहतो आहे. भूक आणि सोने ह्यांचा सांधा ह्या प्रकरणात न सांगता जुळलेला आहे.

परंतु ह्या प्रकरणाच्या आधीच एक गोष्ट घडून गेलेली असते. जगात सर्वांच्या गरजेपुरते आहे, हावेपुरते नाही, ह्या अर्थाच्या गांधीजींच्या नावावरील सुवचनाने चित्रपट सुरू होतो. त्यानंतर प्रौढ विनायक आपल्या मुलाला पुराण सांगतो. सोने आणि धान्य ह्या दोहोंची स्वामिनी असलेली समृद्धीची देवी, तिचा पहिला आणि लाडका पुत्र हस्तर, त्याने मिळवलेले सोने, धान्याकडे हात वळवताच इतर देवांनी केलेला हल्ला, आईने त्याला दिलेले अभय, आणि त्याची पूजा कधीही होऊ नये ही अट. हे सारे प्रेक्षकाला कथा सुरू होण्यापूर्वीच ठाऊक होते. म्हणजे साखळीतील म्हातारी दिसण्याआधीच तिची उपपत्ती आपल्या हाती असते आणि उपपत्तीच्याही आधी तात्पर्य. तोदोरोवने सांगितलेली दोलायमानता येथे संभवतच नाही. धारपांचा समर्थ निदान शेवटी येत असे. 'तुंबाड'मध्ये तो पहिल्याच दृश्याच्या आधी येऊन गेलेला आहे.

हस्तर ह्या नावाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँब्रोज बिअर्स ह्या अमेरिकन लेखकाच्या कथेत 'हास्टर' हा मेंढपाळांचा सौम्य देव म्हणून अवतरला. चेंबर्सने ते नाव उचलले, लव्हक्राफ्टने त्याचा उल्लेख केला, डर्लेथने त्याला भयंकर रूप दिले, आणि किंगच्या 'ग्रॅमा'मध्ये आजीला निजवण्यासाठी घ्यावयाचे नाव म्हणून ते आले. 'तुंबाड'मध्येही म्हातारीला झोपवण्यासाठी हस्तरचेच नाव घेतात. चित्रपट म्हणतो की ह्या देवाला विस्मरणाचा शाप आहे. आपल्या पुराणांत तो सापडत नाही ह्याचे कारण मात्र शाप नव्हे, तो परदेशी कथासाहित्यातून आला, एवढेच आहे. ही गंमत दोषास्पद नाही. किंबहुना परक्या देवाला कोकणातील विहिरीच्या तळाशी आणून बसवणे ही कल्पनाशक्तीची झेपच आहे. त्याला तेथे बसवल्यावर तो तेथल्या मातीचे काही खातो का, एवढेच पाहावयाचे.

१९३३ सालातील दुसऱ्या प्रकरणात विनायक परत येतो, म्हातारीच्या देहात रुजलेले झाड पाहतो, तिच्याकडून रहस्य मिळवतो आणि दोरावरून देवीच्या गर्भात उतरतो. पिठाचे रिंगण, कणकेची बाहुली, तिच्यासाठी झेपावणारा हस्तर आणि त्याच्या लंगोटातून सांडणाऱ्या मुद्रा. ह्या पहिल्या अवतरणात खरा विस्मय आहे, हे मान्य केले पाहिजे. समृद्धीची देवी म्हणजे एक प्रचंड, ओलसर, श्वास घेणारे गर्भाशय आणि तेथे पुरुषाने दोर टाकून चोरी करावयाची. ह्या प्रतिमेत रूपकाला पुरून उरणारे असे काही आहे. पण पुढे तेच अवतरण पुन्हा पुन्हा घडते, त्याचे तंत्र आपल्या परिचयाचे होते, आणि विस्मयाची जागा कसबाची उत्सुकता घेते. १९४७ सालातील शेवटच्या प्रकरणात अनेक बाहुल्या आणि अनेक हस्तर येतात. किळस वाढते, भय वाढते, विस्मय वाढत नाही. भरताची जोडी येथे पडताळून पाहता येते. ह्या चित्रपटाला फिल्मफेअरचे पुरस्कार छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन ह्यांसाठी मिळाले. ते यथार्थच आहेत. चित्रपटाचे सामर्थ्य इंद्रियांना जाणवणाऱ्या गोष्टींत आहे. दुबळेपणा अर्थात आहे.

५

आता तुंबाडकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले हे गाव जगबुडी नदीच्या काठी आहे. पेंडशांनी ह्या नावाभोवती खोत घराण्याच्या चार पिढ्यांची कथा रचली. त्या कादंबरीत हस्तर नाही, ही माझ्या विद्यार्थिनीची तक्रार खरी आहे. पण तेथे खोत आहेत, आणि चित्रपटाने नाव घेताना नेमका हाच शब्द गाळला. 'तुंबाडचे खोत' मधले 'तुंबाड' ठेवले आणि 'खोत' सोडले. ह्या एका शब्दाबरोबर काय गेले, ते पाहावयास हवे.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ ह्यांच्यामधला वसुलीचा वंशपरंपरागत हक्कदार. कोकणात भात कोणी पिकवावे आणि ते कोणाच्या कोठारात जावे, हे खोतीने ठरवले. चित्रपटाचे मधले प्रकरण १९३३ सालात घडते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या चरी ह्या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. त्यांनी जमिनी कसण्याचे नाकारले, शेते ओसाड राहिली आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या चळवळीला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोती संपवणारा कायदा झाला तो १९४९ सालचा. चरी हे तुंबाडपासून दूर आहे हे खरे. पण कोकणची ही धग एका गावापुरती नव्हती.

आता पुराण पुन्हा आठवावे. सोने आणि धान्य. ज्याने सोने घेतले त्याला धान्य मिळणार नाही. तो युगानुयुगे उपाशी राहील. ह्याहून नेमकी प्रतिमा खोती कोकणासाठी शोधूनही सापडली नसती. ज्यांनी धान्य पिकवले त्यांच्या हाती सोने कधी आले नाही आणि शेवटी धान्यही उरले नाही. मुद्रा मिळवण्यासाठी पीठ लागते, कणकेची बाहुली लागते. ते पीठ कोणाच्या शेतातले? चित्रपटातील वैभवाला कूळ नाही, गडी नाही, कोणाचा घाम नाही. मुद्रा लंगोटातून सांडतात आणि पुण्याच्या सावकाराकडे जातात. १९३३ च्या कोकणात, जेथे कुळांनी धान्य पिकवण्याचेच नाकारले होते, तेथे धान्याचा भुकेला देव उभा करूनही धान्याविषयी चित्रपटाला काहीच म्हणावयाचे नाही. १९४७ साली वाडा सरकारजमा होणार म्हणून विनायक अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता म्हणजे केवळ मुद्रा संपण्याचे भय. जमिनीची मालकी बदलणार, ह्या घटनेचा अर्थ त्या भयाला स्पर्श करीत नाही.

अद्भुताला अशी जमीन असू शकते ह्याचे उदाहरण फार लांब शोधावे लागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या वारली मुलखात कणसरी ही धान्याची देवता आहे. भगत घांगळीच्या साथीने तिची कथा गातो. तेथे धान्य हे देवीच्या मालकीची वस्तू नसून देवीचेच रूप आहे आणि ते कसणाऱ्याच्या हातातून येते. कणसरीला तात्पर्य जोडावे लागत नाही. धान्य आणि देवी एकच असल्यामुळे तेथे रूपकाला शिरावयास फटच नाही.

६

ह्यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, लोककथेला इतिहास विचारू नये. हाव वाईट, हे सांगणारी ही सांगोवांगीची गोष्ट आहे. तिच्याकडून खोतीचा अहवाल मागणे अरसिकपणाचे होईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अद्भुताने वास्तवाची वकिली करावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण लोककथेला साल नसते. 'तुंबाड'ने स्वतःच पडद्यावर १९१८, १९३३ आणि १९४७ असे आकडे लिहिले आहेत. महायुद्धाचा शेवट, मंदीचा काळ आणि स्वातंत्र्य ह्या तीन खुणांवर कथा टांगल्यावर इतिहास हा सजावटीपुरता आहे असे म्हणता येत नाही. ज्याने साल सांगितले त्याला त्या सालात काय घडले हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला मिळतो.

दुसरा आक्षेप असा की, हाव हा सार्वकालिक विषय आहे आणि त्यामुळेच हा चित्रपट कोकणापलीकडे पोचला. हे खरे आहे. मात्र आपल्याकडे गुप्तधन ही निव्वळ हावेची प्रतिमा नाही. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. जमिनीखालच्या सोन्यावरचा हा विश्वास केवळ हावऱ्यांचा नाही. जमिनीवरचे काहीच ज्यांच्या वाट्याला आले नाही अशांचाही तो आहे. विनायकाच्या हावेमागेही एक भुकेला मुलगा आणि एका मुद्रेसाठी राबणारी आई आहे, हे पहिल्या प्रकरणाला ठाऊक होते. पुढील प्रकरणांनी ते विसरून त्याला दुर्गुणाचा नमुना करून टाकले.

भाषेचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो सहज भावनिक होतो. तुंबाडची आई आपल्या मुलांशी हिंदीत बोलते. एवढ्या खर्चाचा, अनेक पावसाळे चाललेला चित्रपट मराठीच्या बाजारपेठेत उभा राहणे कठीण होते हे उघड आहे, आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. तथापि म्हातारीच्या तोंडी खेडची बोली असती, तर तिचे भय साखळीत राहिले नसते. ते घरातल्या कोणत्याही आजीच्या आवाजात उतरले असते. मग 'ग्रॅमा'मधील वारशाचे भय अखेर आपल्या घरी पोचले असते.

वारसा हाच तिन्ही संहितांना जोडणारा धागा आहे. किंगच्या कथेत तो शरीरातून येतो, पेंडशांच्या कादंबरीत जमिनीतून आणि घराण्यातून, चित्रपटात खजिन्यातून. चित्रपटाच्या शेवटी विनायकाचा मुलगा पांडुरंग मुद्रांनी भरलेला लंगोट नाकारतो. हा नकार नैतिक दृष्ट्या योग्य आहे. कलेच्या दृष्टीने तो फार स्वस्तात मिळाला आहे. किंगच्या जॉर्जला नकाराची सोय नव्हती. वाडा, आडनाव आणि दुसऱ्याच्या कष्टांवर उभी राहिलेली सुस्थिती वारशाने मिळालेल्या आपल्यासारख्या वाचकांनाही ती नाही. मुद्रा टाकून देता येतात. ज्या घराने त्या मिळवल्या त्या घरात जन्मल्याचे काय करावयाचे, हा प्रश्न पांडुरंगाला पडत नाही.

विद्यार्थ्यांच्या दोन तक्रारींकडे मी पुन्हा वळतो. 'ह्यात हस्तर नाही' आणि 'ह्यात तुंबाड नाही' ह्या दोन्ही तक्रारी रास्त होत्या, आणि त्यांना द्यावयाचे पुस्तक माझ्यापाशी नव्हते. पेंडशांचा गाव आणि धारपांची आजी एकाच वाड्यात नांदताहेत, अशी कादंबरी मराठीत यावयाची आहे. पेंडशांचा पहिला खंड मात्र ती विद्यार्थिनी पुन्हा घेऊन गेली आहे. ह्या वेळी ती त्यात हस्तर शोधणार नाही, असे तिने सांगितले. खोत कोण होते, ते तिला पाहावयाचे आहे.